चित्रावरचा हात

बाळकुमला रॉकेलच्या रांगेत मंजुळा आणि दगडाबाई माझ्यापुढेच उभ्या होत्या.

"मंजुळे, मालू वाचायला लागली म्हणून तू आळीभर पेढे वाटलेस ना गो?"

"वाटले ना! रोज मी पुस्तक धरायची, ती धडाधडा वाचायची."

"मग शाळेत का बोलावलं तुला?"

"बाईंनी धड्यातल्या चित्रावर हात ठेवला, तशी पोरीची दातखीळच बसली. चित्र बघून पाठ केलेलं बोलायची गो ती!"

"आणि तुला कळलंच नाय?"

"मी पण चित्रच बघत होते ना!"

"अगं बाई! आता?"

"शाळा सुटल्यावर बाई शिकवतात. मला बोलल्या, तू पण बस."

"मग, येतंय काय?"

"येत होतं. काल मालूनंच माझ्या चित्रावर हात ठेवला."