ओसरीवरच्या हाताबाबत

नाव: मर्ल एव्हरेट हॉफस्ट्रा. वय: ७३ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक, चौतीस वर्षे. राहणार: डे मॉइन, पूर्व भाग, कोपऱ्यावरचे हिरवे घर. घरात राहणारी माणसे: दोन.

आज ३१ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता बोलावल्यावरून ठाण्यात हजर राहून मी सांगतो की, काल संध्याकाळी माझ्या ओसरीवर प्रेत असल्याचा फोन पोलिसांना आला होता. ते प्रेत नव्हते. तो मी होतो. पेटीबाहेर आलेला हात मात्र माझा नव्हता.

आमच्या गावात मुले दर वर्षी ३० ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा ते आठ, सोंगे घेऊन दारोदार येतात. दारात उभे राहून विनोद सांगितल्याशिवाय खाऊ मिळत नाही, ही आमची रीत. दुसऱ्या गावांत मुलांना नुसती पिशवी पुढे केली की मिळते. त्याला माझा इलाज नाही.

माझी पत्नी लॅव्हॉन विनोद ऐकायला दारात बसत असे. एकच विनोद चौदा मुलांनी सांगितला तरी ती चौदा वेळा हसे, आणि खोटे हसत नसे. मी गॅरेजमध्ये भुतेखेते तयार करून ओसरीवर नेऊन ठेवायचो आणि परत आत जायचो. मला मुलांशी बोलता येत नाही. तिचे हसणे भिंतीतून ऐकू यायचे, तेवढे मला पुरत असे. गेल्या वर्षी श्याऐंशी मुले आली. आकडा दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने तिच्या पेन्सिलीने लिहिलेला आहे.

लॅव्हॉन मार्चमध्ये वारली. त्याआधी आजारपणात तिने मला जमणार नाहीत अशा सगळ्या कामांच्या चिठ्ठ्या लिहून फ्रिजवर लावल्या. ३० ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत: चॉकलेटच्या दोन पिशव्या. दिवा. हसणे.

लॅव्हॉन नाही म्हणून मुलांनी आमचे घर गाळू नये, एवढीच माझी इच्छा होती. एकदा गाळलेले घर पुढच्या वर्षीही गाळतात. म्हणून मी सप्टेंबरपासून कामाला लागलो. कुंपणाच्या जुन्या फळ्यांची सहा फुटी शवपेटी केली. काळ्या कॉफीचे तीन हात दिल्यावर लाकूड जमिनीतून उकरून काढल्यासारखे दिसू लागले. भुताचा हात करायला रबरी हातमोज्यात प्लास्टर ओतले, वर मेण चढवले, नखांच्या जागी भोपळ्याच्या बिया लावल्या आणि बूटपॉलिश चोळले. हात बसच्या वायपरच्या मोटरवर बसवला. बटण दाबले की तो पेटीच्या भोकातून बाहेर येतो, चॉकलेट पुढे करतो आणि आत जातो. हात यंत्राने चालतो, पण विनोद ऐकायला माणूस लागतो. त्यामुळे मी आत झोपायचे ठरवले. पेटीत डोक्याशी जांभळा बल्ब लावला आणि चिठ्ठीवर "दिवा" या शब्दापुढे खूण केली. "हसणे" यापुढे केली नाही.

काल पावणेसहाला मी ओसरीचा दिवा बंद केला. उजेडात बूटपॉलिश बूटपॉलिशच दिसते. पेटीत शिरून झाकण ओढून घेतले.

सहा वाजल्यापासून रस्त्यावर मुलांचे आवाज येत होते. डावीकडच्या घरी गेलेली कळत होती, उजवीकडच्या घरी गेलेलीही कळत होती. आमच्या पायऱ्यांवर पाऊल वाजले नाही. साडेसहाच्या सुमारास फुटपाथवरून एक बाई मुलांना म्हणाली, "चला रे पुढे, त्या घरात कुणी नाही."

मी बटणावर बोट ठेवून पडलो होतो. मी आहे, असे ओरडावेसे वाटले. पण शवपेटीतून तसे ओरडले तर मुले पुन्हा कधीच आली नसती. मला फार एकटे वाटले. हे लिहायची गरज नाही असे जबाब घेणाऱ्या अधिकारी म्हणाल्या. मी म्हणालो, लिहा.

सात वाजता मी हात चालतो का ते पाहायला बटण दाबले. हात बाहेर गेला आणि मोटर अडकली. दुरुस्त करायला मी उठलो नाही. कुणासाठी उठायचे? बल्बही काढून टाकला. समोरच्या घरात ग्वेन ओल्डेनकॅम्प राहतात, वय ८१. त्यांनी त्यांच्या ओसरीवरून "मर्ल! ए मर्ल!" अशा दोन हाका मारल्या. त्या मी ऐकल्या. ओ दिली नाही. कारण: मला राग आला होता. त्यांचा नाही, सगळ्यांचाच. पोलिसांना फोन त्यांनीच केला.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी पायऱ्यांवर पावले वाजली. सहानंतरची ती पहिलीच. कुणीतरी हाताजवळ वाकले. ते मूल नसून पोलीस अधिकारी अमेला हाजिच होत्या, हे मला ठाऊक नव्हते. त्या हाताची नाडी बघत होत्या. नाडी लागली नाही, कारण हात प्लास्टरचा. त्या कुणाला तरी सांगत होत्या, "हात थंडगार आहे, ॲम्ब्युलन्स पाठवा." ते शब्द मला नीट कळायच्या आत मी आठवडाभर घोटलेल्या आवाजात म्हणालो, "आधी विनोद, मग खाऊ!"

त्या दोन पायऱ्या मागे गेल्या आणि एक शब्द बोलल्या. तो जबाबात घेऊ नये, अशी त्यांची विनंती आहे.

मी झाकण उघडून उठून बसलो. त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"आजोबा, तुम्ही जिवंत आहात?"

"दिसतोय तसा आहे."

"आणि आत काय करताय?"

"पोरांची वाट बघतोय. दीड तास झाला. एक पोर फिरकलं नाही. ही गेली आणि घर गाळलं त्यांनी."

त्यांनी टॉर्च माझ्यावरून काढून वर ओसरीच्या दिव्यावर मारला. मग म्हणाल्या, "अहो, दिवा बंद आहे ना तुमचा! बंद दिव्याच्या दारात पोरं चढतील कशी? इथंच वाढलात ना? मी सहा वर्षांची असताना बोस्नियातून इथं आले, मला पहिल्या वर्षी कळलं हे."

मला हे जन्मापासून ठाऊक आहे. ज्या घरी खाऊ नाही ते ओसरीचा दिवा बंद ठेवतात. पण एकेचाळीस वर्षे ते बटण लॅव्हॉनच दाबत होती. चिठ्ठीवरचा दिवा तो होता. मी पेटीतला समजलो.

अधिकारी हाजिच यांनी ॲम्ब्युलन्स परत पाठवली. मग हातातल्या चॉकलेटकडे बघून त्या म्हणाल्या, "भुताचा आवडता काळ कोणता? भूतकाळ." मी चॉकलेट दिले. हसलो नाही. मग त्यांनी दारातून आत हात घालून दिव्याचे बटण दाबले आणि ओसरीवर उजेड पडला.

तेवढ्यात ग्वेनबाई झग्यावर कोट चढवून रस्ता ओलांडून आल्या.

"मेला नाहीस ना? मग ओ द्यायला काय झालं होतं, गाढवा? मी इकडे रडून घेतलं!"

"किती वेळ?"

"बराच वेळ. चॉकलेट आण इकडे."

विनोद सांगितल्याशिवाय मिळणार नाही, असे मी म्हणालो. त्यांनी जो सांगितला तो मुलांसमोर सांगण्यासारखा नव्हता.

आठला दहा मिनिटे कमी असताना तीन मुले आली. पैकी एक फ्रिजच्या खोक्यात होते. उजेडात हाताचे बूटपॉलिश स्पष्ट दिसत होते, कुणी घाबरले नाही. खोक्यातल्या मुलाने विचारले, "सांगाड्याला भीती का वाटत नाही?" मला येत नाही म्हणालो. ते म्हणाले, "पोटात गोळा यायला पोट कुठंय त्याला?" मी हसलो. लॅव्हॉनइतके चांगले नाही, आणि थोडे उशिरा. उरलेल्या दोघांनीही तोच विनोद सांगितला. मी दोन्ही वेळा हसलो.

आठ वाजता दिवा बंद करून चौकटीवर ३ लिहिले. चिठ्ठीवर तिसरी खूण केली.

फोन केल्याबद्दल ग्वेन ओल्डेनकॅम्प यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. काल दिवसभरात आमच्या घराकडे नीट बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मोटर मी सोडवली आहे.

वरचा मजकूर अधिकारी हाजिच यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी शेवटपर्यंत ऐकला आणि तो खरा आहे, एक ओळ सोडून. सुरुवातीला घरात राहणारी माणसे विचारल्यावर मी सवयीने दोन सांगितले. ते खोडून एक करावे. खोडलेल्या जागी सही करतो.

मर्ल ए. हॉफस्ट्रा