दुसरा आकडा

डोळ्यांच्या दवाखान्यात एका निवृत्त टंकलेखकाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते. अर्धा तास डोळे मिटून बसायचं होतं. कान मात्र टक्क उघडे होते. शेजारच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

“तुझं ते संशोधन एकदा मला कळेल असं सांग बाई.”

“प्रोग्रॅम लिहिणारा एक ओळ लिहितो. पुढची ओळ आमचं यंत्र सुचवतं.”

“म्हणजे तुझे बाबाच की! माझं वाक्य अर्धं होत नाही तोच पुढचं ठोकून देतात.”

“बरोबर असतं?”

“कसलं बरोबर! पण मी आपली हो म्हणते. कोण डोकं लावणार?”

“आई, नेमकं हेच सापडलंय मला! काम भराभर होतं, पण दमलेली माणसं चुकीच्या ओळीलाही हो म्हणतात. सर म्हणतात, उद्या परिषदेत फक्त वेगाचा आकडा दाखव.”

“आणि चुकांचा?”

“तो गिळून टाक म्हणाले.”

“वा! स्थळ सांगताना पगार सांगायचा आणि घोरणं गाळायचं. माझ्या वेळी हेच झालं.”

“आधी कळलं असतं तर नकार दिला असतास?”

“नकार कशाला? सासरी येताना कानात घालायला कापूस आणला असता.”

टंकलेखकाने हसू खोकल्यात दडपलं. लेकीने फोन लावला.

“सर, मी उद्या दोन्ही आकडे दाखवणार आहे. हो, तुम्ही चिडलात तरी.”

फोन बराच वेळ गुरगुरत राहिला. लेकीची पावलं दारापर्यंत गेली, तिथे ती हळूच काहीतरी बोलली आणि फोन बंद करून परत आली.

“काय म्हणाले गं?”

“विचारत होते, ही अक्कल कोणी दिली.”

“माझं नाव नाही ना सांगितलंस?”

“छे! म्हटलं, एक ज्येष्ठ संशोधक आहेत. तीस वर्षं एकाच यंत्रावर काम करतायत.”