भट्टीतला माणूस

(दुसरं महायुद्ध संपून दहा वर्षं उलटून गेली आहेत. लंडनहून आगगाडीनं तासाभरावर असलेलं गाव. थिएटरसमोरचं चहाचं दुकान. दुपारचा खेळ नुकताच सुटला आहे.)

लेनर्ड : ...आणि तो व्हिएन्नाचा स्टेशनमास्तर. अगं, तोच मघाशी लंडनमध्ये मंत्र्याचं दार उघडत होता. मिशी चिकटवली म्हणून काय मला ओळखू येणार नाही?

एनिड : हळू बोल. मागच्या टेबलावरच्या बाई सिनेमालाच होत्या.

लेनर्ड : मग त्यांनीही ओळखला असेल. आणि ती काळी मोटार. लंडनमध्ये तीच, व्हिएन्नात तीच.

एनिड : प्रोथेरोची स्वतःची मोटार आहे ती. निर्माता म्हणजे काय, घरची चीजवस्तू कॅमेऱ्यासमोर आणून ठेवणारा माणूस. नंबराची पाटी तेवढी बदलायचे. त्यातही संध्याकाळी वेळेवर परत न्यायला लागायची, बायकोला पत्ते खेळायला जायचं असायचं ना.

लेनर्ड : कर्नलनं दार आपटलं तेव्हा भिंत हलली.

एनिड : कापडाची होती रे. शूटिंगला स्केटिंगचा जुना हॉल भाड्यानं घेतला होता. वर पत्रा. पाऊस आला की ताशे वाजल्यासारखा आवाज व्हायचा, मग सगळे आपले कप हातात घेऊन बसून राहायचे. टीव्हीवरच्या माझ्या सहा शनिवारांच्या गोष्टीचा प्रोथेरोनं तासाभरात चुरमा केला, ही गोष्ट वेगळीच. तुला कंटाळा आला असेल.

लेनर्ड : नाही आला.

एनिड : माझं मन राखायला बोलू नकोस.

लेनर्ड : कंटाळा आला असता तर झोपलो असतो. शाळेच्या संमेलनात झोपतो तसा.

एनिड : तू हसलास मात्र.

लेनर्ड : कधी?

एनिड : लाँड्रीत. आपला हेर मळक्या चादरींच्या टोपलीत लपलाय, शत्रूचा माणूस त्याच टोपलीवर बसून बुटाची नाडी बांधतोय, सगळं थिएटर चिडीचूप. आणि माझा नवरा खो-खो हसतोय. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

लेनर्ड : चुकलंच माझं.

एनिड : चुकलं कसलं. मला आधी वाटलं तू रडतोयस. सिनेमा सुरू झाल्यापासून खुर्चीचा हात असा घट्ट धरून बसला होतास, दात काढायला आल्यासारखा. आणि एकदम हसायला लागलास. तुझं हसणं मी विसरूनच गेले होते, लेनर्ड.

डोरीन : हा घ्या चहा. जरा मुरू द्या. मनुकांचे पाव भाजायला टाकलेत. लोणी सकाळीच संपलं, मार्गारीन लावलं तर चालेल ना?

एनिड : चालेल.

डोरीन : सिनेमा बघून आलात वाटतं. मी सोमवारी गेले होते, आईला घेऊन. मोठा सिनेमा मला नाही आवडला, नुसते घोडे. पण त्याच तिकिटात आधी दाखवतात तो हेराचा छोटा, तो बरा होता. आई म्हणते टीव्हीवर होता तो याहून लाख पटीनं चांगला. तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी जायचो. शेजारीण बिस्किटं द्यायची आणि मग आठवडाभर ऐकवायची.

लेनर्ड : यांनीच लिहिलाय तो.

डोरीन : कुणी?

लेनर्ड : यांनी. माझ्या बायकोनं. पडद्यावर नाव येतं बघा, ई. गार्साइड. ते यांचंच.

डोरीन : अगबाई. आम्ही समजायचो कुणी म्हातारा कर्नल असेल, गुडघे दुखतात म्हणून घरी बसून लिहिणारा.

एनिड : गुडघे दुखतात ते खरंय.

डोरीन : मग बाई, एक विचारू का? राग मानू नका. ती भट्टी का काढून टाकलीत? टीव्हीवर तो माणूस बेकरीच्या भट्टीत लपला होता, बाहेर शिपाई उभा राहून पाव मागत होता, आणि बेकरीवाला म्हणत होता, अजून पेटवली नाही साहेब. आईनं माझा हात असा दाबला की बोटं काळीनिळी झाली. ते सोडून टोपली काय आणलीत? टोपलीत काय, कुणीही लपेल.

एनिड : अहो, मी नाही काढली. त्याच हॉलमध्ये आधी एका विनोदी सिनेमाचं काम झालं होतं, त्यातली लाँड्री तशीच उभी होती. भट्टी बांधायची तर खर्च. निर्माता म्हणाला, बेकरीची लाँड्री करा. झाली लाँड्री.

डोरीन : आईला सांगते. म्हणजे तुमच्यावरचा राग जाईल तिचा. आलेच पाव घेऊन.

एनिड : चहा ओतू का? ...लेनर्ड? चहा ओतू?

लेनर्ड : तू नव्हती काढलीस तर.

एनिड : काय?

लेनर्ड : भट्टी. मला वाटलं तू मुद्दाम काढलीस. तिथे बसल्या बसल्या मला वाटलं, तिला कळलंय सगळं, आणि माझ्यासाठी तिनं तेवढं वगळलंय. म्हणून तर हसू आलं.

एनिड : मी कशाला वगळू? गोष्टीतली सगळ्यांत चांगली जागा होती ती. भांडले मी तिच्यासाठी. पण तुला काय माहीत भट्टीचं? तू एक शनिवार घरात थांबला नाहीस. मी तिकडे लंडनला, नटांच्या मागे उभी राहून मुठी आवळायची. टीव्हीवर सगळं तिथल्या तिथे चालायचं, एक शब्द चुकला तर देश ऐकणार. आणि तू कुत्र्याला घेऊन फिरायला. माझी बहीण एकटी बसून बघायची आपल्या घरात.

लेनर्ड : एकदा पावसामुळे लवकर परतलो. स्वयंपाकघराच्या दारानं आलो. हिल्डाला कळलंही नाही. मी तिच्या मागे दारात उभा राहिलो, ओल्या कोटात. तो माणूस भट्टीत शिरत होता. आधी पाय, मग खांदे तिरके करून.

एनिड : मग?

लेनर्ड : मग काही नाही. कुत्रा पुसला.

एनिड : थांब. तो तिसरा भाग. त्याच आठवड्यात तू मागच्या खोलीत झोपायला गेलास.

लेनर्ड : हो.

एनिड : खोकला येतो म्हणालास. तुझी झोप मोडायला नको म्हणालास. मला एकदाही खोकला ऐकू आला नाही. भिंतीला कान लावून ऐकलंय मी.

लेनर्ड : एनिड—

एनिड : नाही, आता बोलू दे मला. दोन वर्षं झाली. मी काय काय समजले असेन, कल्पना आहे तुला? समजले की तुला माझी लाज वाटते. तू युद्धात फ्रान्समध्ये खरोखर कुठेतरी होतास, काहीतरी केलंस, ज्याबद्दल तू एक अक्षर बोलत नाहीस. आणि तुझी बायको हेरांच्या गोष्टी रचते, दर शनिवारी, लोकांनी बिस्किटं खात बघाव्यात म्हणून. समजले की तुला वाटतं, हिनं माझ्या मेलेल्या सोबत्यांचा बाजार मांडला. मी प्रोथेरोला परवा नाही म्हणून सांगितलंय. दुसरी गोष्ट हवीय त्याला. म्हटलं, मी आता लिहीत नाही.

लेनर्ड : का सांगितलंस असं?

एनिड : का म्हणजे? रात्री दार लावून घेतोस ते काय मला दिसत नाही?

डोरीन : हे पाव. सांभाळा, बशी गरम आहे. ...आणखी काही?

लेनर्ड : नको. छान आहेत.

डोरीन : अजून खाल्ले नाहीत तुम्ही.

लेनर्ड : दिसतायत छान.

डोरीन : बरं. मी तिकडे आहे.

लेनर्ड : दार लावून घ्यायचो, कारण मला वाटलं मी झोपेत बोलतो.

एनिड : काय?

लेनर्ड : ती भट्टी. एनिड, ती गोष्ट मी जगात कुणाला सांगितलेली नाही. सांगणार नाही असं कागदावर लिहून दिलंय, राजाच्या नावानं. आणि आपल्या घरात, टीव्हीवर, तो माणूस खांदे तिरके करून आत शिरतोय. तोंडावर ओलं फडकं. शिपाई बाहेर पाव मागतोय. हे तुला कुठून कळणार? माझ्याशिवाय कुठून? म्हटलं, मी रात्री बरळतो, ही ऐकते, आणि तिचं तिला कळत नाही की ते माझं आहे. तिला वाटतं आपल्याला सुचलं. आज भट्टी आली, उद्या कुणाचं नाव येईल. ती माणसं अजून आहेत तिथे. त्याच गावात पाव विकतायत.

एनिड : आणि मला विचारायचं नाही?

लेनर्ड : विचारलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं.

एनिड : म्हणून दोन वर्षं त्या अरुंद खाटेवर?

लेनर्ड : दुसरा उपाय सुचला नाही.

एनिड : अरे देवा. लेनर्ड, इकडे बघ. माझे आजोबा हॅलिफॅक्सला काय करायचे?

लेनर्ड : दुकान होतं ना काहीतरी.

एनिड : बेकरी होती. तू कधी पाहिली नाहीस, आपल्या लग्नाआधीच विकली. मी लहान असताना, एका रविवारी, भट्टी थंड असते तेव्हा, लपाछपीत मी आत जाऊन बसले. आधी पाय, मग खांदे तिरके करून. तसंच जाता येतं, दुसरं कसं जाणार? आणि दाराची कडी बाहेरून पडली. राख नाकात जात होती म्हणून मी फ्रॉकचं टोक थुंकीनं ओलं करून तोंडावर धरलं. बाहेर मावशी कुणाशी तरी बोलत होती, पावाबद्दलच, बेकरीत दुसरं काय बोलणार? मला ऐकू येत होती ती, तिला मी नाही. शेवटी आजोबांनी दार उघडलं. आधी मिठी मारली, मग ठोकलं.

लेनर्ड : म्हणजे भट्टी तुझी.

एनिड : माझी. शिपाई तेवढा मी घातला.

लेनर्ड : मी काहीच बोललो नव्हतो.

एनिड : एक शब्द नाही. निदान त्याबद्दल तरी. लेनर्ड, रुमाल घे. हा माझा घे.

लेनर्ड : रडत नाहीये मी.

एनिड : माहितीय. तरी घे.

लेनर्ड : आमची थंड नव्हती.

एनिड : काय म्हणालास?

लेनर्ड : तुझी थंड होती ना, रविवारची. आमची कोमट होती. विटा कोमट होत्या. ...एवढंच. याच्या पुढे मला सांगता येणार नाही.

एनिड : मी विचारलं नाही.

लेनर्ड : तो सुखरूप बाहेर आला. एवढं सांगितलं तर चालेल, असं मला वाटतं. मिशीही भाजली नाही.

एनिड : बरं झालं. खूप बरं झालं. ...आता पाव खा. थंड झाले की चामड्यासारखे होतात.

लेनर्ड : तू म्हणालीस, ‘निदान त्याबद्दल तरी’.

एनिड : म्हणाले का?

लेनर्ड : म्हणजे मी बोलतो. झोपेत. इतर काही.

एनिड : बोलतोस ना. पूर्वी तर पुष्कळ बोलायचास. कधीकधी पानच्या पान.

लेनर्ड : एनिड. काय बोलतो मी?

एनिड : मला काय ठाऊक? तू फ्रेंचमध्ये बोलतोस.

लेनर्ड : फ्रेंचमध्ये?

एनिड : सगळं फ्रेंचमध्ये. आणि मी शाळेत त्या विषयात दरवर्षी नापास. तेव्हा मी एनिड बूथ होते. मॅडम म्हणायच्या, ही मुलगी म्हणजे फ्रेंच भाषेवर झालेला अत्याचार आहे. पुढे फ्रेंचच्या मास्तराशी लग्न केलं, तरी काही फरक पडला नाही. मला वाटायचं, मुलांना धडे देतोयस. एकदा बराच वेळ कुणाची तरी विनवणी करत होतास, तर मी म्हटलं, कुणीतरी गृहपाठ आणला नसेल.

लेनर्ड : आणि तुला एक शब्दही—

एनिड : ‘लोणी’ कळतं. ‘लोणी’ कधी आलं नाही.

लेनर्ड : अगं बये.

एनिड : हसतोयस तू. मागच्या टेबलावरच्या बाई बघतायत.

लेनर्ड : बघू दे. वर्षानुवर्षं त्या सरकारनं मला शिकवलं, सगळं तोंडात कुलूप लावून ठेव. आणि कुणी सांगितलं नाही की बायको फ्रेंचमध्ये नापास झालेली करून घे, म्हणजे झालं.

डोरीन : सगळं ठीक आहे ना? पाव बरे आहेत?

लेनर्ड : उत्तम आहेत. आईला सांगा, भट्टी पुढच्या वेळी परत आणतील बाई. लाँड्रीवाल्याचं काही ऐकायचं नाही.

डोरीन : म्हणजे अजून एक सिनेमा येणार? टीव्हीवर की थिएटरात?

एनिड : मी तर नाही म्हणून बसलेय.

लेनर्ड : त्या प्रोथेरोला उद्या फोन कर. म्हणावं, लिहिते. पण मोटार दुसरी आण.

डोरीन : आईला सांगितलं की ती आत्ताच हात दाबायला बसेल. आणते बिल.

एनिड : तुला खरंच चालेल? मी लिहिलेलं. हेर, पिस्तुलं, मिशावाले स्टेशनमास्तर.

लेनर्ड : ते सगळं खोटं आहे ना?

एनिड : पहिल्यापासून शेवटपर्यंत.

लेनर्ड : मग मला फार चालेल. मी शनिवारी घरी बसून बघेन. हिल्डाला बिस्किटं आणायला सांग.

एनिड : कोट घाल, बाहेर गारठा आहे. आणि त्या बाईला नमस्कार कर जाताना, मघापासून बिचारीला कळत नाहीये आपण भांडतोय की काय.

लेनर्ड : एनिड, ती मागची खोली.

एनिड : तिचं काय?

लेनर्ड : उजेड चांगला येतो तिथे. तुला लिहायला टेबल ठेवून देतो.

एनिड : आणि खाट?

लेनर्ड : काढून टाकू. तिच्यावर मला एक रात्र नीट झोप लागली नाही.