बाळकृष्णाचं नाक

(नोव्हाय, मिशिगन. १९८६च्या जानेवारीतली सकाळ. बाथरूमचं दार आतून बंद, नळ चालू.)

रेखा : विक्रम, पुरे आता. हातांची सालटी निघालीयेत. बाबा गाडी गरम करून बसलेत.

विक्रम : एकदाच, आई. लास्ट टाइम.

रेखा : मघाशीही लास्टच होतं.

विक्रम : मघाशी नळाला हात लागला. मग परत पहिल्यापासून करावं लागतं. तू धुतलेस ना हात?

रेखा : धुतले रे बाबा. किती वेळा विचारशील? डॉक्टरांकडे जायचंय, देवळात नाही. एवढं सोवळं कशाला?

विक्रम : आई, ते सोवळं नाहीये.

रेखा : मग काय आहे? हॉस्पिटलमधून आलास तेव्हा मीच तुला पूजा सांगितली, मन रमेल म्हणून. मंडळातल्या पद्मजाकाकू म्हणाल्या, अमेरिकेत वाढलेलं पोर, पण सोवळं बघा. मी गावभर कौतुक सांगत सुटले.

विक्रम : आय नो. तू खूश होतीस. म्हणून बोललो नाही.

प्रताप : (गाडीतून परत आत येऊन) अगं, निघायचं का? ही अपॉइंटमेंट गेली की पुढची लवकर मिळत नाही. आणि हे हात धुणं वगैरे तिथे काढू नका. कानातले आवाज गेलेत, गोळ्या घेतो, झोपतो. एवढं सांगायचं आणि परत यायचं.

रेखा : का नाही काढायचं?

प्रताप : परत अ‍ॅडमिट करतील. मागे त्याला तिथे सोडून गाडी घरापर्यंत कशी आणली, माझं मला माहीत. पुन्हा नाही जमणार मला.

विक्रम : बाबांना वाटतंय आवाज परत आले.

रेखा : आलेत का? खरं सांग.

विक्रम : नाही. आवाज यायचे तेव्हा दुसरंच कुणी बोलायचं, आणि मला ते खरं वाटायचं. हे तसं नाही. हे माझंच डोकं आहे. हात क्लीन आहेत, मला माहितीये. तरी थांबता येत नाही. कधी वाटतं आवाज बरे होते. तेव्हा निदान कळत नव्हतं.

रेखा : असं बोलू नको रे.

विक्रम : तू पूजेतला बाळकृष्ण नीट बघितलायस?

रेखा : बघितलाय. नाक गेलंय त्याचं. डोळेही गेलेत.

विक्रम : भांड्यांच्या पावडरीने मीच घासला. रोज. तुझ्या आईचा होता ना तो. आय अ‍ॅम सॉरी.

रेखा : दिवाळीतच दिसलं होतं मला. हारात झाकून ठेवत होते. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आणि मलाही.

प्रताप : रेखा, चला आता.

रेखा : निघतोय. थांबा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पर्समध्ये टाकते.

प्रताप : डॉक्टरांकडे देव? वेड लागलंय का तुला?

रेखा : तो शब्द या घरात जपून वापरा. मला त्यांच्याशी इंग्रजीत एवढं सगळं बोलता यायचं नाही. ह्याचा झिजलेला चेहरा दाखवते. त्यांना कळेल.

प्रताप : आणि त्याला ठेवून घेतलं तर?

रेखा : तर रोज जाऊन बसू. झाकून काय झालं? बघताय ना. विक्रम, तू बोलशील त्यांच्याशी?

विक्रम : तू डॉक्टरांच्या खोलीत येशील?

रेखा : येईन.

विक्रम : मग बोलेन. पण नळ बंद केला की परत हात लागेल.

रेखा : तू कोपराने कडी काढ. नळ मी बंद करते... हं. झाला बंद. कोट घाल. (घराबाहेर येऊन, दार लावत) सावकाश, पायरीवर बर्फ जमलाय. हात दे.

विक्रम : तू धुतलेस?

रेखा : नाही. मघाशीही नव्हते धुतले. आत्ता तुझा नळ बंद केला, पर्स घेतली, दार लावलं. आता धुणारही नाही. धर.

प्रताप : रेखा, त्याला उगाच—

रेखा : तुम्ही गाडीत बसा.

विक्रम : (तिचा हात धरून) हळू चाल, आई. इथे घसरतं.