धुराड्यातला लाल बूट

वडील गेल्यावर हेस्टर थर्लोनं सफोकमधलं त्यांचं विटांचं जुनं शेतघर विकलं होतं. आज बसच्या रांगेत पुढच्या दोघी त्याच घराबद्दल बोलत होत्या.

"अगं बेरिल, बाहेरून नुसती विटांची साल, आत सगळं लाकूड! आणि धुराडं फोडलं तर चामड्याचा बूट निघाला. तीनशे वर्षांचा!"

"निघणारच. घराला बाधा नको म्हणून घरातल्या पोराचा बूट चिणून ठेवायचे."

"पण शेजारी आणखी एक होता. छोटासा, लाल, बकलाचा."

"म्हणजे थर्लो म्हाताऱ्यानं धुराडं दुरुस्त करताना ठेवला?"

"दुसरं कोण! तिथं गवंडीकाम करणाऱ्या आमच्या केननं दोन्ही कचऱ्यात टाकले."

तो लाल बूट हेस्टरचा होता. तो बूट हरवला तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडिलांनी तिच्याबरोबर गोठासुद्धा पालथा घातला होता.

"बाई, बस आली. चढताय ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

हेस्टरनं पुढच्या दोघींना गाठलं. "तो कचरा अजून तिथंच आहे ना हो?"