चैत्रगौरीचं पन्हं

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर दिंडोरीच्या बसच्या रांगेत वत्सलाबाई कैऱ्यांची पिशवी सांभाळत उभ्या होत्या. पुढे दोन पोरं कुजबुजत होती.

"व्होडकात कैरी, गूळ, वेलची घालून मुरत ठेवलेली बरणी तुझ्या आईच्या पन्ह्याच्या बरण्यांत ठेवायची अक्कल कुणाची, ओजस?"

"तुझीच, चिन्मय! गच्चीवर ऊन चांगलं लागतं म्हणालास."

"मग काकूंनी काय केलं?"

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, पन्हं कमी पडलं. आईला वाटलं, ही पन्ह्याचीच बरणी. दिली पातेल्यात ओतून!"

"मेलो! बायकांना कळलं?"

"छे! पेल्यावर पेले रिचवले. एक काकू तर नवऱ्याचं नाव घ्यायला उठल्या त्या खाली बसेचनात. उखाण्यावर उखाणे!"

वत्सलाबाईंनी पदर सावरला.

"आणि आता?"

"आता सगळ्या आईला कृती विचारतायत. आई म्हणते, वेलची जरा जास्त पडली असेल."

"खरं सांगून टाक की."

"वेडा झालास का? घरातून हाकलेल!"

वत्सलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकून ओजसच्या खांद्यावर हळूच बोट टेकवलं.

"बाळा, कैरी किसून घालायची, की फोडी करून?"