साक्षीदाराची झोप

युद्धात झोप उडून पळालेल्या मुलाच्या नावावरचा लष्करातल्या बडतर्फीचा डाग पुसला जावा म्हणून व्हर्ना बडतर्फी फेरतपासणाऱ्या मंडळाच्या दाराशी बसली होती. शेजारी आतून नुकताच साक्ष देऊन आलेला एक माजी सैनिक आणि बाहेर थांबलेला त्याचा बडतर्फ सोबती बोलत होते.

“माझ्या बाजूने काय बोललास, लॉनी?”

“खरं तेच. इराकमधल्या स्फोटात आपण एकाच गाडीत होतो. नंतर तुझी झोप उडाली, म्हणून तू पलटणीतून पळालास.”

“मग?”

“म्हणाले, तुम्ही नाही पळालात. तुम्हाला लागते का झोप?”

“आणि?”

“लागते म्हणालो.”

“अरे, डोळा लागत नाही म्हणून रात्रभर ट्रक हाकतोस ना तू!”

“म्हणूनच रे, ड्वाइट. खरं सांगितलं असतं तर लायसन गेलं असतं.”

“मग?”

“फाईल मिटली त्यांनी.”

तेवढ्यात व्हर्नाच्या मुलाचा साक्षीदार, त्याच्याच तुकडीतला सोबती, धापा टाकत आला. अंगावर शाळेच्या बसचालकाचा गणवेश होता.